ग्रँड टूरिंग मोटारीची जमिनीपासूनची उंची कमी करणे : आटपाडी परिसरातील रस्त्यांच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

लांबचा प्रवास वेगाने, परंतु अंगाला शीण न होता व्हावा या हेतूने घडविलेल्या आलिशान मोटारीस ग्रँड टूरिंग मोटार म्हणतात. अशा मोटारीचे मूळ सस्पेन्शन काढून बाजारात स्वतंत्रपणे मिळणाऱ्या स्प्रिंगा किंवा कॉइलओव्हर बसवावेत व मोटार जमिनीच्या अधिक जवळ आणावी, ही हौस गेल्या काही दशकांत जगभर रुजली आहे. या बदलाने मोटारीच्या स्थैर्यात नेमकी किती भर पडते, त्यासाठी कोणती किंमत मोजावी लागते व आटपाडी तालुक्यासारख्या ग्रामीण भागातील रस्त्यांवर ती किंमत किती वाढते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने या बदलाचे स्थान काय, याचाही विचार येथे केला आहे.

बीजसंज्ञा : सस्पेन्शन, गुरुत्वमध्य, दबण्याचे अंतर, गतिरोधक, मोटार वाहन अधिनियम, आटपाडी.

प्रस्तावना

आटपाडी हा सांगली जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा, पर्जन्यछायेतील तालुका. माणगंगेच्या खोऱ्यातील या भागाची ओळख प्रदीर्घ काळ अवर्षण, खिल्लार जनावरे आणि पोटासाठी परमुलखात गेलेली माणसे अशी राहिली. खानापूर व आटपाडी या तालुक्यांतील अनेक कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या व्यवसायानिमित्त देशभरातील शहरांत स्थिरावली. ही कुटुंबे सणासुदीला आणि खरसुंडीच्या श्रीसिद्धनाथाच्या यात्रेला गावी येतात. त्यांच्याबरोबर शहरांतील रस्ते नजरेसमोर ठेवून घेतलेली वाहनेही येतात. दुसरीकडे डाळिंबाने आणि टेंभू योजनेतून आलेल्या कृष्णेच्या पाण्याने तालुक्याच्या काही भागांत पैसा खेळू लागला. त्यामुळे महागड्या मोटारींचा विषय या भागाला आता परका राहिलेला नाही.

मोटारीची उंची किती असावी, हा प्रश्न मात्र या मुलखाने मोटार येण्यापूर्वीच आपल्या परीने सोडविला होता. जुन्या बैलगाडीचे लाकडी चाक मोठ्या व्यासाचे असे. धाव, आरे आणि तुंबा यांनी सिद्ध झालेल्या त्या चाकामुळे आख जमिनीपासून पुष्कळ वर राही आणि खोल पडलेल्या चाकोरीत किंवा ओढ्याच्या दगडगोट्यांत गाडीचे पोट टेकत नसे. गाडीला स्प्रिंग नव्हती. तिची भरपाई उंचीने आणि मंद गतीने केली जाई. पुढे रस्ते सुधारले, डनलॉप टायरची बैलगाडी आली आणि तिचा साटा खाली आला. वाहनाची उंची ही रस्त्याच्या प्रतीशी बांधलेली असते, हे तत्त्व यातून स्पष्ट होते. ग्रँड टूरिंग मोटारीच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू पडते. फरक इतकाच की येथे चूक झाल्यास ती लाखो रुपयांची असते आणि तिचे परिणाम ताशी शंभर किलोमीटर वेगाने भोगावे लागतात.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. ग्रँड टूरिंग मोटारीच्या सस्पेन्शनमागील मूळ विचार समजून घेणे.
२. उंची कमी करण्याच्या प्रचलित पद्धतींचा परिचय करून देणे.
३. उंची कमी केल्याने होणारा लाभ व हानी साध्या गणिताने तपासणे.
४. आटपाडी परिसरातील रस्त्यांच्या व प्रचलित कायद्याच्या चौकटीत या बदलाची योग्यता ठरविणे.

प्रस्तुत विवेचन वर्णनात्मक व विश्लेषणात्मक स्वरूपाचे आहे. आकडेमोडीत मोटारीचे वजन, गुरुत्वमध्याची उंची इत्यादी राशी उदाहरणादाखल गृहीत धरल्या आहेत. त्या एखाद्या विशिष्ट मोटारीच्या आहेत असे समजू नये.

ग्रँड टूरिंग मोटार : संकल्पना

‘ग्रान तुरिस्मो’ ही संज्ञा मूळची इटालियन. अल्फा रोमिओ कंपनीने १९३० च्या सुमारास आपल्या ६सी १७५० मालिकेतील एका मोटारीस हे नाव दिले. १९५१ मध्ये आलेल्या लान्चिया ऑरेलिया बी२० जीटी या मोटारीने या संकल्पनेला निश्चित रूप दिले. शर्यतीच्या मोटारीचा वेग आणि घरच्या मोटारीचे सुख एकाच सांगाड्यात आणणे, हा या वर्गाचा हेतू होय. अलीकडच्या काळातील उदाहरणे द्यावयाची तर २००३ मध्ये आलेली बेंटले कॉन्टिनेंटल जीटी आणि २००६ ते २०१४ या काळात तयार झालेली जग्वार एक्सके यांची देता येतील. २००८ मध्ये टाटा मोटर्सने जग्वार लँड रोव्हर विकत घेतल्यानंतर यांपैकी दुसरीचे नाते मुंबईत मुख्यालय असलेल्या उद्योगाशी जोडले गेले. बेंटलेच्या पुढील व मागील चाकांतील अंतर २७४५ मिलिमीटर, तर जग्वारचे २७५२ मिलिमीटर. म्हणजे दोन्ही मोटारींत ते सुमारे पावणेतीन मीटर आहे. हा आकडा पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरतो.

या दोन मोटारींचे सस्पेन्शन मात्र भिन्न आहे. जग्वारमध्ये पोलादी गुंडाळी-स्प्रिंगा आहेत. बेंटलेमध्ये त्यांच्या जागी हवेने भरलेले रबरी फुगे, म्हणजे एअर सस्पेन्शन आहे. साहजिकच त्यांची उंची कमी करण्याचे मार्गही वेगळे आहेत.

सस्पेन्शनचे कार्य

सस्पेन्शनचे कार्य दुहेरी असते. पहिले, रस्त्याच्या खाचखळग्यांचा धक्का प्रवाशापर्यंत पोहोचू न देणे. दुसरे, चाक सतत रस्त्याला टेकलेले ठेवणे. स्प्रिंग धक्क्याची ऊर्जा साठविते आणि शॉक ॲब्सॉर्बर, ज्याला मराठी मुलखातील गॅरेजांत सर्रास ‘शॉकअप’ म्हणतात, ती ऊर्जा तेलातील घर्षणाने उष्णतेत रूपांतरित करून मोटारीचे हेलकावे थांबवितो. यांपैकी एकट्या स्प्रिंगचा विचार करणे अपुरे ठरते. ही दोन्ही अंगे एकमेकांशी जुळवूनच घडविलेली असतात.

मोटार ज्या लयीने वरखाली होते तिला नैसर्गिक वारंवारता म्हणतात. आरामशीर मोटारीत ती दर सेकंदाला साधारणतः १ ते १.५ आवर्तने इतकी ठेवली जाते. माणसाच्या चालण्याची लयही सुमारे अशीच मंद असल्यामुळे शरीराला ती सुखावह वाटते. १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये काम करणारे अभियंते मॉरिस ऑली यांनी यात एक महत्त्वाची भर घातली. पुढची चाके उंचवट्यावरून आधी जातात, मागची नंतर. त्यामुळे मागच्या स्प्रिंगांची वारंवारता पुढच्यांपेक्षा किंचित जास्त ठेवली, तर मागचा भाग पुढच्या भागाला लयीत गाठतो व मोटार डोलत न राहता सपाट वरखाली होते. प्रवासात मळमळ होऊ न देण्यामागे हा हिशेब असतो. पुढच्या-मागच्या स्प्रिंगांचे प्रमाण न पाहता त्या बदलल्यास हा नाजूक समतोल प्रथम बिघडतो.

उंची कमी करण्याच्या पद्धती

(अ) आखूड स्प्रिंगा : मूळ शॉकअप तसेच ठेवून केवळ आखूड व काहीशा कडक स्प्रिंगा बसविणे, ही सर्वांत स्वस्त पद्धत. यात शॉकअपचा दांडा नेहमीच खालच्या भागात काम करतो आणि अधिक कडक स्प्रिंगेला आवरण्याइतका रोध त्याच्यात नसतो. परिणामी मोटार कडक होऊनही उसळत राहते व शॉकअप लवकर गळू लागतो. स्प्रिंग फारच आखूड असेल, तर चाक खड्ड्यात लोंबताना ती आपल्या बैठकीतून सुटण्याचा धोका असतो.

(आ) स्प्रिंग कापणे : मूळ स्प्रिंगेचे एक-दोन वेढे कापून टाकण्याचा प्रकारही आढळतो. स्प्रिंगेची ताठरता तिच्या कार्यरत वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असते. सहा वेढ्यांतील एक कापला की ताठरता सहास पाच या प्रमाणात, म्हणजे वीस टक्क्यांनी वाढते. परंतु गॅसकटरच्या उष्णतेने पोलादाचे पाणी उतरते, कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही आणि स्प्रिंग तुटण्याची शक्यता निर्माण होते. ही पद्धत कोणत्याही मोटारीस वर्ज्य मानली पाहिजे.

(इ) कॉइलओव्हर : यात स्प्रिंग आणि शॉकअप एकमेकांसाठी घडविलेले असून एकाच संचात मिळतात. नळीवरील आट्यांवर कडे फिरवून उंची कमी-अधिक करता येते. यांतील काही संचांत केवळ स्प्रिंगेची बैठक सरकते, तर काहींत शॉकअपचा खालचा जोड सरकतो. दुसऱ्या प्रकारात उंची कमी करूनही शॉकअपच्या दांड्याची हालचाल पूर्ण राहते. मात्र चाक वर येऊन मडगार्डला भिडण्यापूर्वी मिळणारी जागा कोणत्याही संचाने वाढत नाही.

(ई) एअर सस्पेन्शनमधील बदल : येथे स्प्रिंग बदलावी लागत नाही. प्रत्येक चाकाजवळ उंची मोजणारा संवेदक असतो व तो एका छोट्या दांडीने सस्पेन्शनला जोडलेला असतो. या दांडीची लांबी बदलली, किंवा मध्ये इलेक्ट्रॉनिक उपकरण बसविले, की मोटार प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा उंच असल्याचा चुकीचा निरोप संगणकाला मिळतो आणि तो हवा सोडून मोटार खाली घेतो. वरकरणी हा उपाय सोपा व सहज उलटविता येण्याजोगा आहे. परंतु अशा अनेक मोटारी वेग वाढल्यावर मुळातच आपोआप थोड्या खाली बसतात. संगणकाची मूळ समजूतच चुकविली की हे नियोजित खाली बसणे हौसेने केलेल्या घटीत मिळविले जाते आणि नेमक्या भरधाव वेगात दबण्याचे अंतर सर्वांत कमी उरते.

लाभाचा हिशेब

उंची कमी करण्याच्या समर्थनार्थ गुरुत्वमध्य खाली येतो व वळणावर मोटार स्थिर राहते, असे सांगितले जाते. हे विधान खरे आहे. प्रश्न प्रमाणाचा आहे. समजा, मोटारीचे वजन २००० किलो, दोन्ही बाजूंच्या चाकांतील अंतर १.६ मीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ५५० मिलिमीटर आहे. गुरुत्वत्वरणाच्या निम्म्या पार्श्विक त्वरणाने ती वळण घेत असता आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारा भार सुमारे ३४४ किलो होतो. मोटार ३० मिलिमीटरने खाली आणली व गुरुत्वमध्यही तितकाच खाली आला असे धरले, तर हा भार ३२५ किलो होतो. म्हणजे दोन टनांच्या मोटारीत १९ किलोंचा, साडेपाच टक्क्यांचा फरक. शर्यतीच्या मैदानावर तो मोलाचा असू शकतो. सार्वजनिक रस्त्यावर चांगले टायर व योग्य हवादाब यांनी मिळणारा लाभ याहून सहज अधिक असतो.

शिवाय हा लाभही प्रत्येक मोटारीत पुरता पदरात पडत नाही. वळणावर मोटारीचे धड ज्या काल्पनिक बिंदूभोवती झुकते त्यास झुकाव-केंद्र म्हणता येईल. मोटार खाली घेतली की सस्पेन्शनच्या आडव्या भुजांचा कल बदलतो आणि हे केंद्रही खाली जाते. पुष्कळ मोटारींत, विशेषतः मॅकफर्सन पद्धतीच्या सस्पेन्शनमध्ये, ते गुरुत्वमध्यापेक्षा अधिक खाली जाते. दोहोंतील अंतर वाढल्याने मोटारीस झुकविणारी तरफ लांबते. खाली बसलेली मोटार वळणावर कमी झुकते ती बहुतेक वेळा कडक स्प्रिंगांमुळे, केवळ उंची घटल्यामुळे नव्हे.

हानीचा हिशेब

मोटार ३० मिलिमीटरने खाली घेतली म्हणजे स्प्रिंगेचे दबण्याचे अंतर जवळजवळ तितकेच कमी झाले. मूळ अंतर ८० मिलिमीटर असेल तर आता ५० उरले. धक्क्याची ऊर्जा तीच असता ती कमी अंतरात सामावून घ्यायची, तर ताठरता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढवावी लागते. ८० भागिले ५० याचा वर्ग २.५६. म्हणजे स्प्रिंग अडीचपटीहून अधिक कडक हवी. तसे केल्यास नैसर्गिक वारंवारता १.६ पट होते आणि १.२ आवर्तनांनी डोलणारी मोटार १.९ आवर्तनांनी आदळू लागते. ग्रँड टूरिंग मोटार ज्या सुखासाठी घेतली, ते सुख येथे संपते.

बाजारात मिळणाऱ्या स्प्रिंगा सामान्यतः इतक्या कडक केलेल्या नसतात, कारण ग्राहकास ते सोसवणार नाही. मग उरलेली ऊर्जा कोठे जाते? ती सस्पेन्शनच्या शेवटी बसविलेल्या रबरी ठोकळ्यावर जाते. हा ठोकळा क्वचितच्या मोठ्या धक्क्यासाठी असतो. तो दर खड्ड्याला कामी येऊ लागला की धक्का थेट सांगाड्यात उतरतो. वळणावर एका बाजूचा ठोकळा अचानक टेकला, तर त्या बाजूची ताठरता क्षणात कित्येक पट होते आणि चाकाची पकड सुटू शकते. स्थैर्यासाठी केलेला बदल अशा प्रकारे अस्थैर्यास कारण होतो.

याखेरीज चाके वरून आत झुकतात आणि त्यांच्या दिशेचा कोन बदलतो. चाकांचे अलाइनमेंट पुन्हा न केल्यास टायरची आतील कड आधी झिजते. ही झीज सहज दिसत नाही. बाहेरून नवा दिसणारा टायर आतून तारा दिसेपर्यंत घासलेला असू शकतो. पुढचा व मागचा भाग सारखा खाली न आल्यास दिव्यांच्या झोताची दिशा बदलते आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर तरी तो जातो किंवा स्वतःचाच रस्ता अपुरा उजळतो.

आटपाडी परिसरातील रस्ते आणि मोटारीचे पोट

विट्याकडून भिवघाट, करगणी मार्गे आटपाडीस येणाऱ्या किंवा तेथून दिघंचीकडे जाणाऱ्या माणसास गतिरोधकांची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. गतिरोधकाच्या आकाराला मात्र शास्त्र आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत गोलाकार गतिरोधक १७ मीटर त्रिज्येचा, ३.७ मीटर रुंद व मध्यभागी १० सेंटिमीटर उंच असावा, असे सांगितले असून तो ताशी २५ किलोमीटर वेगाने ओलांडता येणे अपेक्षित आहे.

आता पावणेतीन मीटर चाकअंतराची मोटार अशा गतिरोधकावर मधोमध आल्याचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. रुंदी ३.७ मीटर असल्याने पुढची व मागची दोन्ही चाके एकाच वेळी गतिरोधकावरच असतात, म्हणजे मोटारही वर उचललेली असते. चाकांना जोडणाऱ्या रेषेपेक्षा मधला उंचवटा फक्त ५६ मिलिमीटर वर येतो. मोटारीचे पोट जमिनीपासून १२० मिलिमीटर उंच असेल तर ६४ मिलिमीटर मोकळीक राहते. चार माणसे व सामान यांच्या भाराने मोटार २५ मिलिमीटर दबली तरी ३९ मिलिमीटर उरतात. हीच मोटार ३० मिलिमीटरने खाली घेतली आणि नव्या, सव्वापट कडक स्प्रिंगांमुळे भाराने होणारे दबणे २० मिलिमीटरच धरले, तरी उरते १४ मिलिमीटर. म्हणजे जेमतेम एका बोटाची जाडी. वेगामुळे स्प्रिंगा आणखी दबल्या तर तीही उरत नाही.

हा झाला नियमात बसणारा गतिरोधक. गावकऱ्यांनी अपघातांना कंटाळून स्वतःच घातलेला गतिरोधक पुष्कळदा उंचीने तितकाच, पण रुंदीने मीटरभरच असतो. पुढचे चाक तो ओलांडून खाली उतरते तेव्हा मागचे अद्याप चढलेले नसते. दोन्ही चाके सपाट रस्त्यावर आणि मध्ये पुरा १०० मिलिमीटरचा उंचवटा. मूळ मोटारीत एकटा चालक असता २० मिलिमीटर मोकळीक राहते. चार माणसांनिशी तीही टेकते. खाली घेतलेली मोटार तर एकट्या चालकासह १० मिलिमीटरने अडते. दोन्ही गतिरोधकांची उंची सारखीच असता मोटारीचे पोट घासते ते रुंदी कमी असल्यामुळे, ही बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. मोटार तिरकी घालून असा गतिरोधक पार करण्याची युक्ती अनेकांना अवगत असते. परंतु त्यासाठी समोरून येणाऱ्याच्या वाटेत शिरावे लागते.

दुसरा प्रश्न ओढ्यांचा. या भागातील ओढे वर्षातील बहुतेक काळ कोरडे असल्याने अनेक ठिकाणी रस्ता फरशी पुलावरून, म्हणजे उतरून व पुन्हा चढून जातो. तेथे मोटारीचे नाक आधी टेकते. पुढच्या चाकापुढे ९० सेंटिमीटर पुढे आलेले व १५ सेंटिमीटर उंच असलेले नाक दर ६ फुटांस १ फूट इतका चढ सोसते. ३ सेंटिमीटर उंची घटताच हे प्रमाण साडेसात फुटांस १ फूट होते. पाण्याच्या पाइपसाठी आडवा खणून कसाबसा बुजविलेला चर आणि समोरून उसाची ट्रॉली आल्यावर एका बाजूची चाके साइडपट्टीवर उतरविण्याची वेळ, हे याच मालिकेतील आणखी दोन प्रसंग. दुसऱ्या प्रसंगात तर डांबराची कड पोटाखाली लांबलचक येते.

पोट घासणे म्हणजे केवळ रंग जाणे नव्हे. इंजिनाच्या तळाशी तेलाचे भांडे असते. ते फुटल्यास तेलाचा दाब जाऊन थोड्या अवधीत इंजिन निकामी होऊ शकते. रस्त्यावर सांडलेल्या तेलावरून मागून येणारा दुचाकीस्वार घसरतो, त्याचा या हौसेशी काहीही संबंध नसतो. या कारणानेच हा विषय मालकाच्या खासगी आवडीपुरता मर्यादित राहत नाही.

कायद्याची चौकट

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात निश्चित केलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र यांच्या केरळमधील प्रकरणात या तरतुदीचा कठोर अर्थ लावला आणि निर्मात्याच्या मूळ रचनेस बाधा आणणारे बदल अमान्य ठरविले. त्याच वर्षीच्या सुधारणा कायद्याने कलम १८२-अ समाविष्ट केले. त्यातील उपकलम ४ अन्वये, अनुमती नसलेला बदल करणाऱ्या, त्यात नवे सुटे भाग बसविणेही आले, अशा मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

कलम ५२ च्या स्पष्टीकरणात ‘बदल’ म्हणजे वाहनाच्या मूलभूत वैशिष्ट्यात फरक पाडणारा रचनेतील बदल, असे म्हटले आहे. स्प्रिंग बदलणे हा असा बदल आहे काय, यावर युक्तिवाद होऊ शकतो. झिजलेली स्प्रिंग काढून तशीच नवी बसविणे ही दुरुस्ती होय, यात शंका नाही. परंतु मोटारीची उंची, तिची वळणावरील वर्तणूक आणि दिव्यांची दिशा बदलणारा संच हा दुरुस्तीच्या व्याख्येत बसविणे कठीण आहे. जर्मनीत अशा स्प्रिंगा तांत्रिक अहवालासह विकल्या जातात, बसविल्यावर अधिकृत तपासणी होते आणि बदलाची नोंद वाहनाच्या कागदपत्रांत केली जाते. भारतात वाहने व त्यांचे भाग तपासण्याची क्षमता निश्चितच आहे. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ पासून कार्यरत आहे. उणीव आहे ती हौशी मालकाने केलेल्या एकेका बदलाची तपासणी व नोंद करणाऱ्या सुलभ व्यवस्थेची. ती नसल्यामुळे चांगला संच नीट बसविणारा आणि गॅसकटरने स्प्रिंग कापणारा, हे दोघेही कायद्यापुढे एकाच रांगेत उभे राहतात. विमा कंपनीस न कळविलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊ शकतो, हेही ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

निष्कर्ष

१. उंची कमी केल्याने वळणावरील भारांतरणात होणारी घट खरी, परंतु अल्प आहे.
२. त्यासाठी गमवावे लागणारे दबण्याचे अंतर हे ग्रँड टूरिंग मोटारीचे मुख्य धन आहे. ते घटले की मोटार अतिकडक तरी होते, किंवा ठोकळ्यावर आदळते तरी.
३. मोटारीचे पोट घासणे हे गतिरोधकाच्या उंचीइतकेच त्याच्या रुंदीवर अवलंबून आहे. नियमबाह्य अरुंद गतिरोधक हे खाली घेतलेल्याच नव्हे, तर मूळ स्थितीतील मोटारीसही घातक ठरतात.
४. सार्वजनिक रस्त्यावर वापरावयाच्या मोटारीत असा बदल कायद्याच्या दृष्टीने जोखमीचा आहे.

सूचना

ज्यांना वळणावर अधिक स्थैर्य हवे त्यांनी प्रथम टायर, त्यांतील हवा, झिजलेले रबरी बुश व गळके शॉकअप यांकडे लक्ष द्यावे. मोटारीत उंची बदलण्याची सोय निर्मात्यानेच दिली असल्यास तीच वापरावी. तिची मर्यादा संवेदकाची दिशाभूल करून ओलांडू नये.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने या विषयात एक सुलभ प्रकल्प दडलेला आहे. दोरी, मोजपट्टी आणि पाणसळ एवढ्या साहित्यावर पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना गावातील प्रत्येक गतिरोधकाची रुंदी व उंची मोजता येईल, त्यावरून त्याची त्रिज्या काढता येईल आणि ती १७ मीटरच्या मानकाशी ताडून पाहता येईल. अशा मोजमापांचा तक्ता ग्रामपंचायतीच्या व सार्वजनिक बांधकाम विभागाच्या हाती दिल्यास त्याचा उपयोग आलिशान मोटारीच्या मालकापेक्षा रुग्णवाहिकेतून विट्याला किंवा सांगलीला नेल्या जाणाऱ्या रुग्णाला अधिक होईल.